नांदगाव पेठचं हळदीचं वावर

मैत्रिणींनो, मिसळणाच्या डब्यातली हळदीची वाटी रिकामी झाली की आपला हात लगेच अडतो. फोडणी असो, मुलाचा फुटलेला गुडघा असो, की दारी आलेली सवाष्ण असो, हळद लागतेच. आल्याचंही तसंच. त्याच्यावाचून चहा फिका, आणि बाळंतिणीच्या खोलीत तर सुंठेचा मान पहिला. इतक्या रोजच्या या दोन वस्तू; पण त्या पिकतात कशा आणि पिकवणारीच्या हाती काय उरतं, हे आपल्यापैकी कितीजणींनी पाहिलं असेल? मला पाहायला मिळालं ते सासरमुळे. म्हणून आज तुम्हाला आमच्या नांदगाव पेठला घेऊन जाते.

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागायचं. रहाटगाव मागे पडलं की पुढे नांदगाव पेठ येतं. पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता, आता त्याला ५३ म्हणतात. याच रस्त्याने पुढे तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी लागतं. गाव तसं वऱ्हाडातल्या कुठल्याही गावासारखंच. काळी कसदार जमीन, पावसाळ्यात पायाला चिकटणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. वावरात पराटी, तूर, सोयाबीन. कुठे विहिरीच्या आधाराने संत्र्याची झाडं. (आमच्याकडे शेताला वावर म्हणतात बरं का, आणि कपाशीला पराटी.)

पण गेल्या काही वर्षांत गावाचं रूप पालटलं आहे. इथे मोठी औद्योगिक वसाहत झाली, कापडाचे कारखाने आले. १३५० मेगावॅटच्या औष्णिक वीज प्रकल्पाच्या चिमण्या दुरूनच दिसू लागतात. सप्टेंबर २०२४ मध्ये इथल्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. पोरांना कामं मिळावीत, गावात पैसा यावा, हे कोणाला नको आहे? पण त्याबरोबर वावरांना प्लॉटचा भाव आला. रस्त्याच्या अंगाला जमीन असलेल्या घरी महिन्या-दोन महिन्यांनी कोणी ना कोणी विचारायला येतो, “द्यायची आहे का?” आमच्या भासऱ्यांच्या अंगणातही अशा खुर्च्या मांडल्या गेल्या, चहा झाले, आकडे ऐकून माणसं गप्प झाली.

भासऱ्यांचं वावर तीन एकर. विहीर आहे, पाणी बेताचं. पराटीचं गणित तुम्हाला वऱ्हाडात कोणीही सांगेल. बियाणं महाग, फवारणी महाग, बोंडअळी आली की वेचणीची मजुरीही निघत नाही. विकून टाकावं आणि व्याजावर बसावं, असं भासऱ्यांच्या मनात येऊ लागलं होतं. मोठ्या जाऊबाईंना मात्र ते पटत नव्हतं. त्या म्हणायच्या, “वावर इकलं की पैसा येते, अन् पैसा जाते. वावर काही परत येत नाई.” पण नुसत्या ‘नाही’ने घर चालत नाही. वावर राखायचं तर त्यातून काहीतरी निघायला हवं. थोरल्या पुतणीचं कॉलेज होतं, धाकटीची दहावी होती.

जाऊबाईंचं माहेर रिसोडकडचं, वाशीम जिल्ह्यातलं. तिकडे हळद चांगली रुजली आहे. माल हिंगोली-वसमतच्या बाजारात जातो. आपण हळद म्हटलं की सांगली आठवतो, आणि ते खरंच आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यात हळद साठवायची पद्धत होती. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीचशी पेवं निकामी झाली. पण आपल्या विदर्भालाही हळद परकी नाही. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची हळद जुनी नावाजलेली. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे सांगलीच्याही दोन वर्षं आधी! वसमतच्या हळदीला ते २०२४ मध्ये मिळालं. अमरावती मात्र संत्र्याचा आणि कापसाचा जिल्हा. म्हणून २०२२ च्या उन्हाळ्यात जाऊबाईंनी माहेराहून हळदीचं बेणं मागवलं, तेव्हा शेजारपाजारचे हसलेच. “पी हळद अन् हो गोरी” ही म्हण त्यांना रोज ऐकावी लागली.

त्यांनी शहाणपणा एवढाच केला की सगळं वावर पणाला लावलं नाही. विहिरीजवळचा अर्धा एकर हळदीला आणि पाच गुंठे आल्याला दिले. बाकी तूर-सोयाबीन नेहमीसारखं.

आता पीक कसं घेतात ते ऐका. हळदीची लागवड अक्षयतृतीयेपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत करतात. एकरी दहा क्विंटल बेणं लागतं. म्हणजे अर्ध्या एकराला पाच. बेणं म्हणजे मागच्या पिकाचे जेठे गड्डे. निरोगी, भरदार, पन्नास ग्रॅमच्या वरचे निवडायचे. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचतं, आणि साचलेलं पाणी या दोन्ही पिकांचं वैरी. म्हणून सपाट जमिनीत लावायचं नाही. उंच गादीवाफे करायचे, मधून चर काढायचे, वाफ्यावर ठिबकची नळी पसरायची. शेणखत भरपूर आणि चांगलं कुजलेलं. वैशाखातल्या उन्हात कोंब करपू नयेत म्हणून कडेने एरंडी लावतात. तिची सावली पुरते आणि वर एरंडीही मिळते. हळद उगवून वर येईपर्यंत वाफ्याच्या कडेला कोथिंबीर आणि मेथी घ्यायची. जाऊबाईंनी ती विकून पहिल्या निंदणाची मजुरी काढली.

आल्याचं बेणंही एकरी दहा क्विंटलच्या आसपास लागतं. त्याचे दोन-तीन डोळे असलेले तुकडे करून लावतात. आपल्याकडे ‘माहीम’ नावाची आल्याची जात जुनी आणि प्रसिद्ध. सातारा जिल्ह्यातले शेतकरी आल्यात मुरलेले. अडीच-तीन महिन्यांनी ते एक काम करतात, त्याला उटाळणी म्हणतात. लांब दांड्याच्या खुरप्याने बुंध्याजवळची माती हलकेच हलवायची, म्हणजे जुन्या मुळ्या तुटून नव्या फुटतात आणि कंद पोसतो. हळदीला त्याच सुमारास मातीची भर देतात. ही भरणी नीट झाली नाही तर कंद उघडे पडतात आणि हळकुंडं बारीक राहतात.

ही सगळी कामं कोण करतं, सांगा बरं? वखर धरायला आणि ट्रॅक्टरवर बसायला पुरुष. बेणं निवडणं, लावणं, निंदणं, भर देणं, काढल्यावर गड्डे-हळकुंडं मोडून वेगळी करणं, सगळं बायांच्या हातचं. मी सुटीच्या दिवशी दुपारी जायची तेव्हा जाऊबाई आणि चार-पाच मजूर बाया ओळीत वाकलेल्या दिसायच्या. ऑगस्टात सलग पावसाची झड लागली, तेव्हा जाऊबाई पहाटे खोरं घेऊन चर मोकळे करायला जात. तरीही आल्याच्या एका कडेला पाणी तुंबलंच. पानं पिवळी पडली, खोड ओढलं की हातात यायला लागलं. ही कंदकूज. तो भाग उपटून लांब नेऊन टाकला आणि बाकीचं वाचवलं. म्हणून म्हणते, या पिकांच्या नफ्याच्या गोष्टी ऐकताना ही पिवळी पडलेली कडही ध्यानात ठेवा.

फेब्रुवारीत हळदीची पानं वाळली आणि काढणी झाली. ओली हळद भरली पंचेचाळीस क्विंटल. (बेण्यासाठी ठेवलेले जेठे गड्डे वेगळे, ते झाडाच्या सावलीत पाल्याखाली झाकून ठेवले.) पण ओली हळद म्हणजे आपल्या डब्यातली हळद नव्हे. ती आधी शिजवावी लागते. पूर्वी मोठ्या कढईत पाणी घालून, वर हळदीचाच पाला अंथरून, गोणपाट झाकून दोन-अडीच तास शिजवत. आता ट्रॅक्टरवर वाफेचे पिंप घेऊन माणसं गावोगाव फिरतात. काम लवकर होतं. काडी आरपार गेली की हळद शिजली. मग दहा-पंधरा दिवस कडक उन्हात वाळवायची. रोज सकाळी पसरा, संध्याकाळी गोळा करा. अवकाळीचं ढग दिसलं की पळत सुटा! नीट वाळलेलं हळकुंड मोडलं की खट्ट आवाज येतो. शेवटी पिंपात फिरवून त्याला झळाळी आणतात. शंभर किलो ओल्या हळदीची वाळून साधारण वीस किलो होते. आमची पंचेचाळीस क्विंटलची झाली नऊ.

आता हिशेब. मी बी.ए. झालेली, गणिताशी तसं सख्य नाही. पण घरात वही माझ्याकडे आली. बेणं १५,००० रुपये, शेणखत आणि इतर खतं १२,०००, मजुरी १५,०००, शिजवणं आणि पॉलिश ७,०००, औषधं, ठिबकच्या नळ्या, किरकोळ वाहतूक ५,०००. एकूण ५४,०००. एप्रिल २०२३ मध्ये व्यापाऱ्याने भाव सांगितला क्विंटलला साडेसहा हजार. नऊ क्विंटलचे झाले ५८,५००. म्हणजे दहा महिन्यांच्या राबणुकीनंतर उरले साडेचार हजार.

भासरे म्हणाले, “निदान तोटा तर नाही.” मी वही पुन्हा पाहिली. मजुरीत बाहेरच्या बाया होत्या, पण जाऊबाई नव्हत्या. मी त्यांना विचारत गेले आणि दिवस मोजले. नुसते हळदीतले नव्वद दिवस भरले. मजूर बाईला आपण दिवसाला तीनशे देतो, म्हणजे त्यांचे २७,००० रुपये झाले. ते धरले तर पीक साडेबावीस हजारांनी तोट्यात. मी तो आकडा वहीत लिहिला. जाऊबाई हसल्या आणि म्हणाल्या, “मास्तरीणबाई, तुहं गणित खरं हाय. पण माह्या हाताचे पैसे कोन देते?”

मैत्रिणींनो, हा प्रश्न तुमच्या-माझ्या घरातलाही आहे. पापड-कुरडया करून विकणाऱ्या, शिवण शिवणाऱ्या, घरगुती डबे देणाऱ्या किती जणी स्वतःच्या हाताची मजुरी हिशेबात धरतात? ती धरली नाही की प्रत्येक धंदा नफ्याचा दिसतो.

त्या एप्रिलात खरी परीक्षा होती. वाळलेली हळद कीड-ओल लागू दिली नाही तर टिकते. म्हणजे पीक थांबायला तयार होतं. घराला मात्र थांबता येत नव्हतं. जूनमध्ये पुतणीच्या कॉलेजचे १५,००० रुपये भरायचे होते. सगळा माल विकून टाकणं सोपं होतं, आणि मग “पाहा, हळदीतही काही नाही” असं म्हणून वावराचं बोलणं पुढे नेणं त्याहून सोपं. जाऊबाई गावातल्या बायांच्या बचत गटात होत्या. दर महिन्याला शंभर रुपये टाकत आलेल्या. त्यांनी गटातून १५,००० उचलले, शेकडा दोन रुपये महिना व्याजाने. फी भरली. हळद गोण्यांत भरून, खाली लाकडी फळ्या टाकून, भिंतीपासून लांब रचून ठेवली. पावसाळाभर आठवड्याला एकदा गोणीत हात घालून पाहायच्या.

आल्याचं थांबणं आणखी वेगळं. ते तयार झालं तरी लगेच काढावंच लागतं असं नाही. काही महिने जमिनीतच राहू शकतं, पाणी आणि कंदकूज सांभाळली म्हणजे झालं. जाऊबाईंनी लागेल तसं काढून इतवारा बाजारात पाठवलं. त्या वर्षी उन्हाळ्यात आलं किती कडाडलं होतं, तुम्हाला आठवत असेल. जून-जुलैत पावशेर घेतानाही आपण दोनदा भाव विचारत होतो. आपल्याला ते झोंबलं, पण पाच गुंठ्यांतून उरलेल्या सात क्विंटल आल्याने आमच्या घराला श्वास दिला.

आणि मग ऑगस्टात हळदीचा भाव फिरला. एप्रिलच्या दुप्पट झाला. अमरावतीत हळदीचे गिऱ्हाईक थोडे, म्हणून जाऊबाईंनी माहेरच्या लोकांशी बोलून वाशीमवरून माल हिंगोलीला नेला. मीही सोबत गेले. संत नामदेवांच्या नावाचं तिथलं हळद मार्केट यार्ड पाहण्यासारखं आहे. जिकडे पाहावं तिकडे पिवळे ढीग, हमालांचे सदरे पिवळे, हवेत हळदीचा तो उग्र-गोड वास. व्यापारी हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग पाहतो आणि आकडा बोलतो. आमच्या मालाला तेरा हजार मिळाले. १,१७,००० रुपये! त्यातून खर्चाचे ५४,०००, गटाचं चार महिन्यांचं व्याज १,२०० आणि गाडी-हमाली-तोलाईचे २,८०० वजा केले. उरले ५९,०००. जाऊबाईंच्या नव्वद दिवसांचे २७,००० बाजूला काढले तरी निव्वळ ३२,००० राहिले.

पीक तेच, वजन तेच, बाया त्याच. फरक पडला तो चार महिन्यांचा, आणि ते चार महिने विकत मिळाले बाराशे रुपयांत, बचत गटामुळे. मला तरी या पिकांचं मर्म यातच दिसतं. ज्याच्या डोक्यावर घाईचं कर्ज आहे, त्याच्या हळदीचा नफा ज्याला थांबता येतं त्याच्या घरी जातो.

पण हळद थांबवली की भाव चढतोच, असा अर्थ काढू नका हं! भाव पडलाही असता. पुढच्याच वर्षी त्याचा अनुभव आला. २०२३ चा आल्याचा भाव पाहून २०२४ मध्ये महाराष्ट्रभर लोकांनी आलं लावलं, आणि २०२५ उजाडता उजाडता भाव असा कोसळला की काढणीची मजुरी सुटेना. आमच्या ओळखीच्या एकाने कर्ज काढून दोन एकर लावलं होतं. ते घर अजून सावरलेलं नाही. जाऊबाईंचे पाच गुंठे पाचच राहिले होते. त्यांनी थोडं आलं सोलून, चुन्याच्या पाण्यात बुडवून, वाळवून सुंठ केली आणि गटातर्फे विकली. अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायचं नाही, ही आपली म्हण त्यांनी अक्षरशः पाळली.

कोणाच्या घरी थोडी जमीन असेल आणि मनात येत असेल, तर जाऊबाईंचे चार नियम सांगते. पहिल्या वर्षी पाच-दहा गुंठ्यांपलीकडे जायचं नाही. बेणं ओळखीच्या, रोग नसलेल्या वावरातूनच आणायचं, आणि दुसऱ्या वर्षापासून घरचं ठेवायचं. मोठा खर्च तिथेच वाचतो. त्याच जागी लागोपाठ हळद किंवा आलं लावायचं नाही, जागा फिरवायची. आणि लागवडीच्या आधीच ठरवायचं की भाव मिळाला नाही तर घर किती महिने थांबू शकेल. शंका असेल तर अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, तालुक्याला कृषी अधिकारी आहेत. विचारायला लाजू नये.

आणि जमीन नसेल तरी हिरमुसू नका. मे महिन्यात चांगलं डोळे फुटलेलं आलं किंवा हळदीचा गड्डा पसरट कुंडीत लावा. कुंडीला खाली भोकं हवीत, आणि दुपारचं ऊन थेट नको. कोकणातल्या मैत्रिणी हळदीच्या पानात पातोळे करतात. तेवढी पानं तर नक्की मिळतील. वर्षाची हळद भरताना जमलं तर अख्खी हळकुंडं घेऊन दळून आणा. तयार पूड आणली तर चमचाभर ग्लासातल्या पाण्यात टाकून पाहा. चांगली हळद बहुतेक तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं होतं. पाण्याला भडक रंग चढला तर समजा, कृत्रिम रंग मिसळला आहे. आपल्या आज्यांची हळद किती मोलाची, हे जगालाही कळलं आहे. जखमेवर हळद लावण्याच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत चक्क पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुढे ठेवून ते आव्हानले, आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं.

नांदगाव पेठला विचारायला माणसं अजून येतात. वावराचा भाव दरवर्षी वाढतोच आहे, आणि हळदीचा सगळा नफा त्याच्यापुढे चिमूटभर. सातबाऱ्यावर नाव भासऱ्यांचं एकट्याचं. खरं तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम गावोगाव नेला, आणि १९९२ मध्ये सरकारने त्याची सोय केली. तुमच्या घरी शेती असेल तर एकदा सातबारा काढून पाहा, त्यावर कोणाकोणाची नावं आहेत. आमच्या घरी हा विषय मी दोनदा काढला आहे. भासरे नाही म्हणाले नाहीत, पण तलाठ्याकडेही अजून गेलेले नाहीत. एक मात्र झालं. यंदाच्या वहीत मजुरीच्या पानावर पहिली ओळ जाऊबाईंच्या नावाची आहे, आणि ती भासऱ्यांच्या अक्षरात आहे.